मुलाखत गेली साऊथला

पडेगावात इंग्रजीचं काही काम निघालं की माणसं तात्यासाहेबांच्या ओट्यावर येत. बँकेची नोटीस असो, औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद असो, की नव्या मोटारपंपाचं माहितीपुस्तक असो. तात्यासाहेब कपाळावरचा चष्मा नाकावर आणत, घसा साफ करत आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवत. मग अर्थ सांगत. सांगितलेला अर्थ दर वेळी बरोबर निघे असं मात्र नाही! शेजारच्या कडूबाच्या पंपाच्या पुस्तकात 'ड्राय रन करू नका', म्हणजे पाण्याशिवाय पंप चालवू नका, असं छापलं होतं. तात्यासाहेबांनी अर्थ लावला, 'कोरड्या पायांनी पंपाजवळ पळू नका.' कडूबा बिचारा आठवडाभर पाय भिजवून पंप चालू करायला जात होता. नशीब, त्या आठवड्यात वीजच नव्हती!

पण तात्यासाहेबांचा विश्वास ढळला नाही.

"इंग्रजी म्हंजी काय हो?" ते म्हणायचे. "आपल्या गोठ्यातली गाय! शब्दाला शब्द लावला की धार सुरू!"

सरकारी खात्यात कारकुनी करताना त्यांनी इंग्रजीतून पत्रांचे मसुदे लिहिले होते. निवृत्तीनंतर सराव मोडायला नको म्हणून त्यांनी घरात एक नियम काढला. फोनवर मेसेज पाठवायचा तर इंग्रजीतच! बायको भागूबाई यांना तेवढी सूट होती, कारण त्या फोनवर फक्त ओरडत. नियमाचा सगळा भार पडला एकुलत्या एका मुलावर, शिवराजवर.

शिवराज इंजिनिअर. वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात कामाला होता आणि पुण्याच्या मोठ्या कंपनीत मुलाखत द्यायला निघाला होता. या मुलाखतीवर नुसती नोकरीच नाही, लग्नही टांगलेलं होतं. अजिंठ्याच्या हनुमानरावांची तनुजा शिवराजला पसंत होती, तनुजालाही शिवराज पसंत होता. नापसंत असं कुणालाच काही नव्हतं. पण हनुमानराव सावध माणूस.

"पोरगं चांगलंच हाय, तात्यासाहेब," ते म्हणाले होते. "पण तेवढी पुण्याची नोकरी पक्की होऊ द्या. मग सुपारी फोडायला मी स्वतः अडकित्ता घेऊन येतो!"

मुलाखतीच्या दिवशी तात्यासाहेब सकाळपासून फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते. शेजारी कडूबा. त्याची शेळ्या हिंडवायची वेळ टळून गेली होती, पण शेळ्यांपेक्षा निकाल महत्त्वाचा! दुपारी फोन टुणकन वाजला. तात्यासाहेबांनी चष्मा खाली घेतला आणि वाचलं, "इंटरव्ह्यू वेंट साऊथ. कमिंग होम टुमारो. प्लीज डोन्ट कॉल."

"काय म्हणतंय पोरगं?" कडूबानं विचारलं.

"थांब. घाई करू नको. इंटरव्ह्यू म्हंजी मुलाखत. वेंट म्हंजी गेली. साऊथ म्हंजी दक्षिण. मुलाखत दक्षिणेला गेली."

"मुलाखत कशी जाईल दक्षिणेला? तिला काय पाय हायेत?"

तात्यासाहेब क्षणभर अडखळले. पण नोकरीतली सगळी वर्षं मदतीला धावून आली! त्यांनी मांडीवर थाप मारली.

"अरे, मुलाखत म्हंजी मुलाखतीची फाईल! पुण्याच्या सायबानं पसंत केली आन् वर पाठवली. दक्षिणेला, बंगलोरला! नापास पोराची फाईल कुणी हलवतं का? फाईल हलली म्हंजी काम झालं! उद्या घरी येतो, फोन करू नका, म्हणतोय."

"मग फोन करू नका कशाला म्हणतो?"

"नव्या सायबांच्या मीटिंगमधी असंल. तुला काय कळतंय त्यातलं!"

आवाज ऐकून भागूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. बातमी ऐकून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला.

"दक्षिणेला? अहो, दक्षिणेकडं तोंड करून जेवायला बसत नाय आपण. यमाची दिशा ती! पोराचं काही वाईट तर नाय ना झालं? एकदा फोन तरी लावा!"

"यमाला काय कंपन्या काढायच्यात का बंगलोरला? आत जा आन् तोंड गोड करायला काहीतरी आण!"

कडूबा साखर खाऊन शेळ्यांमागं निघाला, आणि बातमी त्याच्याही पुढं निघाली. कडूबाला दुपारी टीव्हीवर साऊथचे मारामारीचे पिच्चर बघायचा मोठा नाद. 'शिवराज साऊथला गेला' हे त्यानं पाराजवळ सांगितलं तेव्हाच त्यात थोडं पाणी मिसळलं होतं. पिठाच्या गिरणीपर्यंत पोचताना ते आणखी वाढलं. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या गवळ्यानं हळूच विचारलं, "तात्या, खरंय का? शिवादादा साऊथच्या पिच्चरमधी हाणामारी करणार हाय म्हणं?"

"कंपनीत! कंपनीत लागलाय तो!"

"तेच म्हणतो. पिच्चरच्या कंपनीत."

तात्यासाहेबांना खरं तर चिडायला हवं होतं. पण लोक इतक्या कौतुकानं बघत होते की त्यांना रागावायला सवडच मिळेना. तेवढ्यात शहरातल्या औरंगपुऱ्यातून बन्सीचा फोन आला. बन्सी हा शिवराजचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं.

"तात्या, फाट्यावर फ्लेक्स लावतो. माझ्याकडून! 'दक्षिण दिग्विजय' लिहू का?"

"लई मोठं होतंय रे ते. 'दक्षिणेकडे झेप' लिही."

"मागं काय टाकू?"

"नारळाची झाडं टाक."

"आन् वाघ?"

"वाघ कशाला? कंपनीत लागलाय तो."

"वाघ लागतोच, तात्या! वाघाशिवाय फ्लेक्स म्हंजी मिठाशिवाय पिठलं!"

फ्लेक्सवर शिवराजचा काळा गॉगल घातलेला फोटो आला. तो कुणाच्या तरी लग्नातला होता. बन्सीनं शेजारचा माणूस कापून टाकला, पण त्याचा हात शिवराजच्या खांद्यावरच राहिला. मागं नारळाची झाडं आणि झाडांतून डोकावणारा वाघ. खाली शुभेच्छुक म्हणून तात्यासाहेबांचा फोटो. तो शिवराजपेक्षाही मोठा!

आता अजिंठ्याला कळवायलाच हवं होतं. तात्यासाहेबांनी हनुमानरावांना फोन लावला.

"पाव्हणं, झालं काम! पोराची फाईल साऊथला गेली. बंगलोरला!"

"बंगलोर? पुण्यातली नोकरी होती ना?"

"हेड ऑफिस बंगलोरला हाय त्यांचं!" तात्यासाहेब म्हणाले. हे हेड ऑफिस त्यांनी त्याच क्षणी बांधलं होतं.

"वा, वा! मग आता वाट कशाची बघायची? उद्याच येतो. तनुजालाबी घेऊन येतो. सुपारी फोडूनच टाकू!"

रात्रीच्या स्वयंपाकाआधीच भागूबाईंनी पोराचं सामान काढायला घेतलं. बाजरीचं पीठ, खारोड्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. "तिकडं नुसता भातच खातात म्हणं. पोराचं पोट कसं भरायचं?" दक्षिणेची भीती त्यांच्या मनातून गेली नव्हती, पण पिशवी भरताना ती जराशी दबली.

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेब इस्त्रीचा कोट घालून, हातात झेंडूचा हार घेऊन फाट्यावर उभे राहिले. कडूबानं हलगीवाला आणला होता. गावातली निम्मी माणसं जमली होती. पुण्याहून येणारी बस शहरात थांबे, तिथून रिक्षानं पडेगाव. दुपार कलायच्या आत रिक्षा आली. शिवराज खाली उतरला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, डोळे लाल. त्यानं मान वर करून फ्लेक्स बघितला आणि तो तिथंच खिळला.

रिक्षावाला आधी फ्लेक्सकडं, मग शिवराजकडं बघत ओरडला, "अरे भाई, ये तो तुमाराच फोटू है! पैले बोलनेका ना! शेर के साथ काम करते क्या?"

शिवराजनं मान खाली घालून भाडं चुकतं केलं. 'प्रवासानं दमलाय,' तात्यासाहेबांना वाटलं. 'आन् लाजतोयबी. आपल्यावर गेलाय!' त्यांनी पुढं होऊन हार घातला. हलगी कडाडली. शिवराज हळूच म्हणाला, "तात्या, पुरे झालं ना आता. घरी चला."

"पुरे कसं? आत्ता कुठं सुरू झालंय!"

मिरवणूक घरापाशी आली. पुढच्या खोलीत हनुमानराव लोडाला टेकून बसले होते. त्यांनी खिशातून अडकित्ता काढून सतरंजीवर ठेवला होता. शेजारी तनुजा चहाचा कप घेऊन बसली होती. शिवराज हारासकट आत आला आणि त्यांना बघून दारातच थबकला.

"या, या! आता जावईबापूच म्हणतो!" हनुमानराव म्हणाले. "मग, साऊथला निघायचं कधी?"

"साऊथला? कोण निघालंय?"

"लाजतोय अजून," तात्यासाहेब हसले. "पाव्हणं, मी मेसेजच वाचून दाखवतो." त्यांनी फोन काढला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "इंटरव्ह्यू वेंट साऊथ! म्हंजी मुलाखतीची फाईल दक्षिणेला गेली."

तनुजाला असा ठसका लागला की चहा नाकातून आला!

"अगं, पाणी घे पोरी, पाणी घे!" भागूबाई धावल्या.

"नको, काकू. बरी आहे मी." तिनं डोळे पुसले. "काका, मला बघू जरा मेसेज?"

तिनं मेसेज वाचला. मग शिवराजकडं बघितलं. हसू तिच्या ओठावरच थांबलं. तिनं फोन हळूच सतरंजीवर ठेवला.

शिवराज खाली बसला. गळ्यातला हार काढून त्यानं मांडीवर घेतला.

"तात्या, साऊथला कुणीच गेलं नाही. फाईल नाही आणि मीही नाही. माझी मुलाखत फसली. तिसऱ्याच प्रश्नाला माझी बोबडी वळली. त्यांनी पाणी दिलं. मी पाणी प्यालो आणि उठून आलो. इंग्रजीत एखादी गोष्ट साऊथला गेली म्हणजे बिघडली, वाया गेली."

बाहेर हलगीवाल्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं, तो जोरात वाजवतच होता.

"अरे, मग तसं लिहायचं ना सरळ!" तात्यासाहेबांचा आवाज चिरकला. "फेल झालो म्हणून!"

"आधी मराठीत लिहायला घेतलं होतं. 'नापास झालो' एवढंच. पण बोट पुढं जाईना. मग म्हटलं, तुमचा नियमच आहे. इंग्रजीत लिहिलं की दुसऱ्या कुणाचं तरी झाल्यासारखं वाटतं." शिवराज थांबला. "आणि फ्लेक्स बघितला तेव्हा मला वाटलं, तुम्ही टोमणा मारलाय."

"टोमणा? मी?"

"वाघासकट."

तात्यासाहेबांना बसायला जागा सापडेना. पण हरणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते तनुजाकडं वळले.

"पोरी, तू सांग. असा अर्थ होतो? खरंच?"

तनुजा शहरातल्या एका कंपनीत अमेरिकेतल्या लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायचं काम करत होती.

"होतो, काका. रोज कुणाचं तरी वॉशिंग मशीन साऊथला गेलेलं असतं. पहिल्या दिवशी मीच विचारलं होतं, कुरिअरनं पाठवलं का म्हणून."

"पण का? दक्षिणेनं काय घोडं मारलंय त्यांचं?"

"नकाशात दक्षिण खाली असते ना. खाली गेलं म्हणजे घसरलं, असं धरायचं."

"मग हा पास झाला असता तर? नॉर्थला गेला असता?"

"नाही. तसं कुणी म्हणत नाही."

"ईस्टला?"

"नाही, काका."

"अरे, मग ही काय भाषा झाली!" तात्यासाहेब कडाडले. "एका दिशेला रस्ता मोकळा आन् बाकी तिन्हीकडं नाकाबंदी? आमच्या काळात दक्षिण ही नुसती दिशा होती!"

"मी म्हणलं होतं," भागूबाई दारातून पुटपुटल्या, "दक्षिण वाईट..."

"तू गप!" तात्यासाहेब ओरडले. मग मान खाली घालून म्हणाले, "नाय. बोल. आज तूच बोल."

हनुमानरावांनी अडकित्ता उचलून खिशात घातला आणि ते उठले. चेहरा तापलेला.

"तात्यासाहेब, मी अजिंठ्यात पेढे वाटून आलोय. जावई बंगलोरला लागला म्हणून सांगून आलोय. आता मागं जाऊन काय सांगू? फाईल परत आली म्हणून?"

इतका वेळ तात्यासाहेबांना आपल्या इंग्रजीची लाज वाटत होती. आता त्यांची नजर शिवराजच्या मांडीवरच्या हाराकडं गेली. पुण्यापासून सगळी वाट हे पोर काय मनात घेऊन आलं असेल! आणि आपण त्याला हलगी लावून मिरवत आणलं. त्यांनी हनुमानरावांपुढं हात जोडले.

"पाव्हणं, पोराला बोल लावू नका. त्यानं खरं तेच कळवलं. खोटं मी वाचलं."

"आबा, जरा बसा," तनुजा वडिलांना म्हणाली. "दारात हलगी, गळ्यात हार, समोर तुम्ही अडकित्ता घेऊन. अशा वेळी 'नापास झालो' म्हणणारा माणूस मी तरी बघितला नाही. मी रोज फोनवर माणसं ऐकते. स्वतःच्या हातानं मशीन पाडलेली बाईसुद्धा कंपनीलाच शिव्या देते."

"म्हंजी तुझं म्हणणं काय?"

"ते घरी सांगते," ती म्हणाली आणि चहाच्या कपाकडं बघत बसली. तिचे कान लाल झाले होते. शिवराजचेही.

हनुमानराव बसले नाहीत, पण त्यांचा आवाज खाली आला. "विचार करून कळवतो," एवढंच म्हणून ते निघाले. तनुजा चपला घालत असताना तात्यासाहेब तिच्याजवळ गेले.

"पोरी, असे सरळ दिसणारे आन् वाकडे चालणारे शब्द अजून किती हायेत?"

"लई हायेत, काका!" तीही त्यांच्याच बोलीत हसून म्हणाली.

"मग मला अधनंमधनं एकेक पाठवत जा. मी शिकतो. अजून वय गेलेलं नाय माझं."

ऊन उतरल्यावर बापलेक शिडी घेऊन फाट्यावर गेले. तात्यासाहेब हट्टानं स्वतः वर चढले, शिवराजनं खालून शिडी धरली. कडूबाही आला. त्याला सगळं दोनदा समजावून सांगावं लागलं.

"म्हंजी पिच्चर नाय?" तो म्हणाला.

"नाय!"

"हाणामारीबी नाय?"

"आता तू गेला नाय तर होईल!"

कडूबा खाली मान घालून शेळ्यांकडं गेला. फ्लेक्सची दोरी सोडता सोडता तात्यासाहेबांनी वरून विचारलं, "तो तिसरा प्रश्न काय होता रे?"

"तुमचा कमकुवतपणा कोणता, असं विचारलं त्यांनी."

"आरं, मग माझं नाव सांगायचं ना!"

शिवराज असा हसला की शिडी हलली. तात्यासाहेब खांबाला मिठी मारून ओरडले, "धर, धर, नीट धर!" पण पोराला हसताना बघून त्यांना इतकं बरं वाटलं की ते खाली उतरायला मुद्दाम वेळ लावत राहिले.

मधे काही दिवस गेले. शिवराज वाळूजला कामावर जात होता आणि दुसऱ्या मुलाखतीची तयारी करत होता. अजिंठ्याहून काहीच कळलं नव्हतं. एका संध्याकाळी तो गाडीवरून परतत असताना त्याला फाट्यावर तात्यासाहेब दिसले. अंगात इस्त्रीचा कोट, पायात चकचकीत बूट, शेजारी भागूबाई नवं लुगडं नेसून चहाचा थर्मास घेऊन उभ्या. शिवराजनं करकचून ब्रेक दाबला.

"तात्या, कुणाची वाट बघताय?"

"तुझ्या सासऱ्याची! तनुजाचा मेसेज आलाय मला." तात्यासाहेबांनी फोन त्याच्यापुढं धरला. "आन् या खेपेला मी घाई केली नाय. एकेक शब्द डिक्शनरीत बघून घेतलाय. 'माय फादर इज कमिंग अराउंड.' माझे वडील आसपास येत आहेत! दुपारपासून उभा हाय मी. अजून पत्ता नाय त्यांचा."

शिवराजनं मेसेज वाचला. पुन्हा वाचला. त्याचं तोंड या कानापासून त्या कानापर्यंत फाकलं. गाडी स्टँडवर लावायचं भान त्याला राहिलं नाही आणि गाडी धाडकन आडवी झाली.

"तात्या! आई! अगं, तनुजाचे आबा येत नाहीत. 'कमिंग अराउंड' म्हणजे माणूस राजी होत चाललाय. ते लग्नाला राजी व्हायला लागलेत!"

भागूबाईंनी थर्मास तसाच छातीशी धरून देवाला हात जोडले. तात्यासाहेबांनी फोन परत घेतला, चष्मा नाकावर आणून मेसेज डोळ्यांजवळ धरला आणि मग अजिंठ्याकडून येणाऱ्या रस्त्यावर नजर लावली.

"राजी व्हायला लागलेत ते चांगलंच झालं," ते म्हणाले. "पण व्हता व्हता कुठवर आलेत, ते विचार की! चहा निवतोय!"